आधी चालू तर होऊ दे!

नाही, बॅटरी नाही! तुम्ही तोंड उघडायच्या आधीच सांगतो, बॅटरी नाही, कारण खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यापासून सातव्यापर्यंत जो भेटला त्यानं मला बॅटरीच सांगितलीय, आणि बॅटरी मी दोनदा नवी घातलीय! चावी फिरवली की काय होतं? टक्! बस्स. पुढे काही नाही...

साधी गाडी असती तर एक वेळ ठीक. हे चाकांवरचं घर आहे हो! आत पलंग, शेगडी, बेसिन, खिडकीला पडदे... जुनी सतरा सीटची व्हॅन घेऊन चारूनं, माझ्या बायकोनं, दोन वर्षं खपून बनवून घेतली. वाटणी ठरलेली. गाडी ती चालवणार, चहा मी करणार. पहिला मुक्काम दिवेआगरला, समुद्राकडे दार करून. गेल्या वर्षी चारू गेली. मुक्काम राहिला, आणि गाडी राहिली पार्किंगमध्ये.

परवा वर्षश्राद्ध. अभिराम, आमचा मुलगा, बंगळुरूहून रोज फोन. "बाबा, वर्षश्राद्धाला दिवेआगरला निघाली तर ठीक, नाहीतर विकून टाकू. आणि चालू झाली तरी चालवणार कोण?" म्हटलं, आधी चालू तर होऊ दे!

मग काय, माणसं आणा! पहिला आला, म्हणाला, "काका, सेल्फ गेलाय." बदलला. दुसरा म्हणाला, "सेल्फ कुणी बदलला? अर्थिंग लूज हाय." घट्ट केलं. तिसऱ्यानं चावीचा स्विच काढून खिशात घातला, आणि चार दिवस फोन उचलेना, पाचव्या दिवशी आणून परत बसवला! आणि तळमजल्यावरचे हौसेराव, मूळचे साताऱ्याचे, लुंगी सावरत प्रत्येक वेळी हजर. "मी सांगतो, बॅटरीच! आमच्या ट्रॅक्टरला असंच व्हायचं. धक्का मारू का?" अहो, अडीच टनाच्या घराला धक्का? गंमत म्हणजे प्रत्येक जण बॅटरी चार्ज करायचा, आणि गाडी सुरू व्हायची! झोकात! मी खूश होऊन चारूच्या सीटवर दहा मिनिटं बसायचो, बंद करायचो, आणि पुढच्या रविवारी चावी फिरवली की... टक्!

शेवटी आज सकाळी झहूरला बोलावलं. झहूर उरणचा, माझा शाळेतला मित्र, तुर्भ्याला ट्रकच्या वायरिंगचं दुकान. आल्या आल्या खेकसला, "गेलं वर्षभर लोकांना बोलावतोस, मी काय मेलो होतो?" म्हटलं, तू ट्रक बघतोस. म्हणाला, "आणि ही काय पालखी हाय?"

चार्ज केलेली एक बॅटरी तो दुकानातूनच घेऊन आलेला. चावी बंद ठेवून वायर टेकवली, तर बारीकशी ठिणगी! "बघ," म्हणाला, "चावी बंद, तरी कुणीतरी करंट पितंय. आत काय चालू हाय?" काही नाही! "पंखा? फ्रिज?" अरे ते सगळं मागच्या वेगळ्या बॅटरीवर! सगळं बंद! वायर जोडून तो आत चढला, आणि डॅशबोर्डकडे बोट दाखवून म्हणाला, "मग हे काय?"

मी म्हटलं, दिवा.

म्हणजे गणपतीसमोरचा, लाल बल्बचा. चारूनं स्वतः बसवलेला, थेट पुढच्या बॅटरीवर, चावीशिवाय लागावा म्हणून. म्हणायची, "देवाला काय चावी फिरवून उठवायचं?" हॉस्पिटलला निघताना गाडीकडे बघून म्हणाली, "दिवा राहू दे हं." राहू दिला. एवढंच.

आणि तुम्हाला सांगतो, तीन तीन माणसांनी विचारलं होतं, "काका, काही चालू राहतं का?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं, काही नाही! देवाचा दिवा कुणी चालू-बंदमध्ये धरतं का? शिवाय माणूस येईपर्यंत बॅटरी झोपलेली, म्हणजे दिवाही गेलेला, तर त्याला दिसणार काय? चार्ज झाली की दिवा परत लागायचा, आणि मी, एम.ए. झालेला माणूस, हात जोडायचो!

झहूरनं वायरला हात घातला. मी म्हटलं, "झहूर..." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बंद नाय करत रे. वहिनींचा दिवा मागच्या बॅटरीवर घेतो. तिला वरच्या सोलरचा आधार हाय. जळू दे आरामात."

पाच मिनिटांचं काम. चावी फिरवली. टक् नाही, काही नाही, एकदम धडधड! हौसेरावांनी टाळ्या वाजवल्या, बाल्कन्यांतून माणसं, वॉचमननं गेट उघडलं, अभिराम व्हिडिओवर, "बाबा, घ्या पुढे!"

पुढे...

लायसन्स आहे हो माझं! सत्तावीस वर्षं पाकिटात आहे. नेमानं रिन्यू करतो. पण गाडी चारूच चालवायची ना.

झहूर शेजारी बसला. "घाबरू नको. आज गेटपर्यंत, उद्या पनवेलपर्यंत, परवा दिवेआगर. मी हाय बाजूला. क्लच दाब. पहिला टाक. आता हळू सोड... हळू... अरे हळू!"

गाडीनं एक उडी मारली आणि मेली. दिवा तेवढा जळतोय, शांत.

खालून हौसेराव, "मी म्हटलं नव्हतं?" फोनमधून अभिराम, "बाबा, परत बॅटरी?"

म्हटलं, नाही रे. बॅटरी नाही. या वेळी मी.