थांब्यावर उघडलेलं डावं दार

जबाब देणार : नाव नोंदवहीत लिहिल्याप्रमाणे, वय ५६ वर्षे, धंदा नोकरी (बसचालक), राहणार डेपोमागची कर्मचारी वसाहत.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, मी एकतीस वर्षं बस चालवतो. आजवर माझ्या गाडीने कुणाला खरचटलंही नाही. कधी उशीर होत नाही म्हणून डेपोत मला 'घड्याळ' म्हणतात.

आज सकाळी दहा वाजता शहरात जलद बससेवा सुरू झाली. पहिली बस माझ्याकडे होती. या सेवेचे थांबे रस्त्याच्या मधोमध, बसच्या उजव्या हाताला आहेत. डावीकडून बाकीची वाहनं धावतात. पुढे साध्या रस्त्यावर थांबे डावीकडे येतात, म्हणून बसला दोन्ही बाजूंना दारं आणि माझ्यासमोर दोन बटणं आहेत.

सरावाच्या आठ दिवसांत मी दोनदा चुकून डावं बटण दाबलं. बस रिकामी होती. प्रशिक्षकांना मी सांगितलं नाही, मला काढतील या भीतीने. हाताला खूण म्हणून त्या बटणावर चिकटपट्टी मारून मोकळा झालो. आज उद्घाटनासाठी बस धुतली, तेव्हा ती निघाली. यात सफाईवाल्याचा दोष नाही.

माझी बायको पहिल्या फेरीला हौसेने आली होती. बसमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मीच तिला म्हणालो, "डाव्या दाराला टेकून उभी राहा. ते इतक्यात उघडत नाही." तिसऱ्या थांब्यावर, दहा पंचवीसला, हात सवयीने डाव्या बटणावर गेला. ओरडा झाला. आरशात पाहिलं तर बायको कमरेपर्यंत बाहेर आणि मागून टेम्पो येत होता. एका प्रवाशाने दंड धरून तिला आत खेचलं. टेम्पो तिची खाली पडलेली चप्पल चिरडून गेला. दार बंद कसं करायचं तेही सुचेना.

त्याच प्रवाशाने आपल्या पोलीस ठाण्यात कळवलं, म्हणून आम्हा दोघांना बोलावणं आलं. निघताना आमचे डेपोचे साहेब म्हणाले, "बाईंचा हात दार उघडायच्या आपत्कालीन खटक्याला लागला, एवढंच सांगा. विषय संपला. उद्याची पहिली फेरी तुमचीच."

मला त्या फेरीची भीती वाटते. दार कुणाच्या पाठीमागे उघडेल, ते मला सांगता येत नाही. मला गाडीवर बसवू नये.

रिक्षात बायको म्हणाली, "अहो, दीड वर्ष राहिलंय नोकरीचं. माझाच हात लागला म्हणून सांगते. तुम्हीही तेच सांगा." मी मान हलवली. ती बाहेर बाकावर बसली आहे. आत मीही तेच सांगतो आहे, असं तिला वाटतं. तिचा हात कुठेही लागलेला नाही.

हा जबाब मला माझ्या विनंतीवरून हळू आवाजात, बाहेर ऐकू जाणार नाही असा वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.