फेब्रुवारीची सुट्टी

नेलिदा : …आणि रागावू नका डॉक्टर, पण यंदा फेब्रुवारीभर तुमची आठवणच झाली नाही.

डॉ. बेर्ता : मी रागावेन असं का वाटलं?

नेलिदा : झालं सुरू. नऊ वर्षं या कोचावर पडून तुमचे प्रश्न ऐकतेय. आले होते झोप येत नाही म्हणून. म्हटलं, गोळी देतील आणि मी शिवणाला मोकळी. तुम्ही म्हणालात, मनात येईल ते बोला. मी दोन महिने गिऱ्हाइकांच्या चुगल्या सांगितल्या.

डॉ. बेर्ता : मग फेब्रुवारी आला.

नेलिदा : आणि तुम्ही समुद्रावर गेलात. ब्वेनोस आइरेसमधले सगळे मनाचे डॉक्टर एकदमच उन्हाळ्याच्या सुट्टीवर, अर्धं शहर वाऱ्यावर. परत आलात तेव्हा तीन आठवडे मी तोंड उघडलं नाही.

डॉ. बेर्ता : चौथ्या आठवड्यात ओरडलात.

नेलिदा : ‘जायचंच होतं तर लळा कशाला लावलात?’ तुम्ही शांतपणे विचारलंत, हे कुणाला म्हणताय? काय चीड आली होती तुमची.

डॉ. बेर्ता : उत्तर सापडायला दोन वर्षं लागली.

नेलिदा : आईला. मी सात वर्षांची होते. पाव आणते म्हणून गेली, ती गेलीच. मग जन्मभर, कुणी सोडायच्या आत मीच सटकत आले. दोन नवऱ्यांना सोडलं, सख्ख्या बहिणीला तोडलं. तुम्हालाही चारदा सोडलं, साधा फोन न करता.

डॉ. बेर्ता : आणि परत आलात.

नेलिदा : माझी मंगळवारची वेळ तुम्ही कुणाला दिली नव्हतीत म्हणून. आता हे येणं थांबवावं म्हणते. पण हेही पळणंच असलं तर?

डॉ. बेर्ता : ते मलाही आज सांगता येणार नाही. तारीख ठरवू, लांबची. पळायचं असेल तर तोवर धीर धरवणार नाही.

नेलिदा : नोव्हेंबर?

डॉ. बेर्ता : चालेल.

(नोव्हेंबरचा शेवटचा मंगळवार. नेलिदा कोचावर उठून बसली आहे.)

नेलिदा : सप्टेंबरात पुन्हा झोप उडाली, तेव्हा वाटलं, नऊ वर्षं पाण्यात गेली.

डॉ. बेर्ता : तरी येत राहिलात.

नेलिदा : तुम्हाला शिव्या द्यायला. काल बहिणीला फोन केला. रविवारी रोसारिओला, तिच्या घरी बोलावलंय तिने.

डॉ. बेर्ता : वेळ झाली, नेलिदा.

नेलिदा : आईने जातेय म्हणून सांगितलं असतं ना, तर मी रडले असते. भरपूर रडले असते. मग कधीतरी गप्प झाले असते.

डॉ. बेर्ता : आज रडताय.

नेलिदा : हो. पण सांगून जातेय.