साडेदहा मीटर

—नाही नाही, मॅडम, त्या खुर्चीवर नका बसू, डुगडुगते ती. पेपरासाठी बघायला आलात ना, इकडे बसा, यंत्राजवळ. हीच घरघर, हेच आमचं काम — धुक्यात काही न दिसणाऱ्या विमानाला सांगायचं, बाबा रे, धावपट्टीचा मध्य इथे आहे, जरा डावीकडे घे, जरा उजवीकडे घे. आणि हा शेजारचा डबा म्हणजे यंत्रावरचा पहारेकरी. यंत्र दाखवतंय तो मध्य साडेदहा मीटरपेक्षा जास्त सरकला, की हा सगळं बंद करून टाकतो. कोणाला विचारत नाही. — आकडा? आकडा मीच लावतो. बावीस वर्षं झाली.

बघा ना, दहा वाजले तरी धुकं हटत नाहीये. अशाच एका सकाळी, दोन वर्षांपूर्वी — पलीकडे पत्र्याचं गोदाम झालं ना, त्याच्यावर आदळून आमची रेडिओ लहर वाकडी व्हायला लागली — पहारेकऱ्याने बंद केलं. वर विमानात एक पेशंट होती. दुसरीकडे पाठवलं त्यांना. बाई वाटेतच गेली. तिचा भाऊ इथे आला होता. ओरडला नाही हो. एवढंच विचारलं, "कितीने चुकलं होतं?" काय सांगणार? हद्दीपेक्षा अर्धा मीटर! अर्ध्या मीटरपायी माणूस गेलं... तेव्हा मी, म्हणजे थोडंसंच, साडेदहाचे बारा केले. मग त्यांनी गोदाम वाढवलं, मी पंधरा केले. मग — लिहिताय का? नका लिहू. मग गेल्या सोमवारी पहारेकऱ्याची वायरच काढली. रोज कोण ऐकून घेणार, आज का बंद पडलं, उद्या का बंद पडलं? आणि काही झालं का? साठ मीटर उंचीवर धावपट्टी दिसली नाही तर वैमानिक वर निघून जातोच की — जायला तर पाहिजे. बायकोलासुद्धा बोललो नव्हतो हे, तुम्हाला कसा काय —

काय? कुठला काटा? हा? मध्य किती सरकलाय ते दाखवतो तो, सकाळी आठ मीटरवर होता. आत्ता — चौतीस? नीट बघा. चौतीस कसा होईल... आणि एक विमान उतरतंय, ऐका, आलंच — फोन नको! फोनला वेळ लागेल! ते लाल बटण, यंत्र बंद करायचं, तुमच्या हाताशी — दाबा, मॅडम, दाबा!

...

वर गेलं. ऐकलंत ना? इंजिन फुगवून वर गेलं. धावपट्टी सोडून माझ्या छपरावरून गेलं.

लिहा आता. तारखेसकट लिहा. आणि जरा बाहेर थांबा, मॅडम. नाही — काही बोलू नका. दार लावून घ्या.