एका ठिणगीवर पास झालेली कप्पी

जबाब देणार: कारखान्यात सगळे 'दादा' म्हणतात, वय ६३, धंदा पोलादाचे ओतकाम, राहणार कारखान्यामागच्या दोन खोल्यांत.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, दर नमुन्यामागे आम्ही वाचवले ते दीड मिनिट. त्यापायी आमच्या फिटरच्या डाव्या पायाचा पंजा गेला.

भट्टीतले पोलाद साच्यात ओतण्याआधी त्याचा नमुना लॅबमध्ये जातो. तिथल्या यंत्रात आर्गन वायू सोडून नमुन्यावर विजेची ठिणगी पाडतात आणि तिच्या उजेडावरून कोणता घटक किती ते कळते. एका ठिणगीचा भरवसा नसतो. म्हणून तीन जागी तीन पाडायच्या, आकडे जुळले तरच कागद द्यायचा, ही लॅबवाल्या बाईंची रीत. मार्चपासून ती मी बंद केली. मी कोळसा ओढण्यापासून वर आलेला माणूस. ठिणगी बिघडली तर भिंतीपलीकडून आवाजावर ओळखतो, असे मी चारचौघांत सांगत असे.

चालू महिन्यात दि. ९ रोजी सकाळी साडेदहाला बाई म्हणाल्या, "दादा, ठिणगी फुसफुसतेय. डागही पांढरट पडलाय, काळी कड नाही. नळीतून हवा शिरत असणार. नमुना घासून पुन्हा मारते."

मी म्हणालो, "बाई, भट्टी काय तुमच्या नळीसाठी थांबणार आहे? मला तर खणखणीत ऐकू येतेय."

"मग कागदावर तसं लिहिते."

"लिहा की. शाई कारखान्याचीच आहे."

आकड्यांत फॉस्फरस कमी दिसला. हवा शिरली की तो कमीच दिसतो, हे बाईंनी मला पूर्वी दोनदा सांगितले होते. प्रत्यक्षात तो जास्त होता; त्याने पोलाद ठिसूळ होते. त्याच ओतातली कप्पी आमच्याच क्रेनवर दि. २६ रोजी दुपारी तडकली. खाली फिटर होता.

फिटरच्या बहिणीने बाईंवर खोटा दाखला दिल्याची तक्रार केली आहे. दाखल्यावर नाव बाईंचे आहे, हे खरे. पण टाइप करताना त्यांची एक ओळ मी गाळायला लावली. त्यांच्या हातचा मूळ कागद सोबत देत आहे. त्यावर "एकच ठिणगी, डाग पांढरट, भरवसा नाही" असे आहे. बाई सकाळपासून बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्यांना घरी जाऊ द्यावे.

वरचा मजकूर हवालदारांनी वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. पहिल्यांदा मला नीट ऐकू आला नाही, म्हणून त्यांना कानाजवळ येऊन मोठ्याने पुन्हा वाचावा लागला.