लाव्यांना भ्यायला शिकवलं त्याची गोष्ट

मंडळी, ऐका! ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याच्या मनात आपलीच भीती घालावी का? हं? आबा, मान हलवताय — ते 'हो' आहे, 'नाही' आहे, की डुलकी? असू दे! उत्तर मलाही येत नाही. आठ दिवस झाले, डोकं चालेनासं झालंय!

आपल्या पलीकडच्या माळावर चंद्रभान पारधी राहतो. लावे पक्षी धरण्यात एके काळी त्याचा हात धरणारा कुणी नव्हता! झुडपाला जाळं लावायचं, तोंडानं लाव्यासारखी शिट्टी घालायची — लावा आपल्या पायानं जाळ्यात! आता सोडलं त्यानं ते. पण यंदा गवत कापताना घरटं उघडं पडलं. मादी उडाली ती परतलीच नाही. चंद्रभाननं अंडी उचलून घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. नऊ पिल्लं निघाली, अंगठ्याएवढी! कोंबडी बघतेय — ही माझीच का? बिचारी शेवटपर्यंत गोंधळातच राहिली!

चंद्रभान वारुळं फोडून वाळवी आणायचा. शिट्टी घातली की पिल्लं पळत यायची. पंख फुटले, माळावर सोडायचा दिवस ठरला. तेव्हा त्याची बायको रुपाबाई म्हणाली, "अवो, तुम्ही त्यांना शिट्टी कोणती शिकवली?"

"कोणती म्हणजे? आपली."

"जाळ्याचीच ना? उद्या दुसऱ्यानं घातली तर?"

चंद्रभान मटकन खाली बसला! अहो, दुसरी शिट्टी त्याला येतच नव्हती! मायेनं चारलं, आणि शिकवलं काय? जाळ्यात चालत जायला!

मग उलटी शाळा! शिट्टी घालायची, लगेच डबा बडवायचा. शिट्टी — की ढेकूळ! शिट्टी — की दोरीला धरलेलं कुत्रं अंगावर भुंकवायचं! पिल्लं भेदरायची, पुन्हा यायची. याच्या डोळ्यांत पाणी, हातात डबा! आता हे पाप की पुण्य? माझ्याकडे बघू नका!

पंधराव्या दिवशी लावे माळावर लांब नेऊन सोडले. शिट्टी घातली. आठ लावे गवतात गडप! एक मात्र तुरुतुरु आला आणि त्याच्या पायावर चढून बसला. चंद्रभानचा ढेकळाचा हात वर गेला — खाली येईना! शेवटी रुपाबाईनं ढेकूळ मारलं. लावा भुर्रकन उडाला. चंद्रभाननं पुन्हा शिट्टी घातली, पुन्हा घातली. कुणी आलं नाही.

चंद्रभान हमसून रडायला लागला. "रडा आता," ती म्हणाली, "तुमचं ऐकून कुणी येत नाही." आणि तिनंही तोंडाला पदर लावला.

मंडळी, हे दोघं जिंकले की हरले? मला कळेना! पण तुम्हाला एक विचारतो. तुमच्या हाकेसरशी लेकरू धावत येतं, छाती फुगते तुमची! तीच हाक, तशीच गोड, दुसऱ्या कुणी मारली तर? थांबायला शिकवलंय त्याला? का नाही शिकवलं? आपल्यापाशी यायचंही थांबेल म्हणून!

चला, भजन धरा. टाळ जोरात! अजून जोरात! पार माळापर्यंत ऐकू गेलं पाहिजे — भिऊ देत त्या लाव्यांना, भिऊ देत!