वाचलेले वीस हजार

कझाकस्तानातून किर्गिझस्तानात परतणाऱ्यांची कोरदायच्या सरहद्दीवरची रांग सकाळपासून जेमतेम हलली होती. आयजार्किनच्या पुढे एक म्हातारी होती आणि तिच्या पुढे, पोटाशी खोकं धरलेला एक माणूस. दोघांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“एवढं जपतोयस, काचसामान आहे का रे?”

“नाही एझे,” थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तो म्हणाला, “मुलाच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड आहे. बिल्डरांसाठी घरांची चित्रं बनवतो तो. जुनं कार्ड जळलं.”

“बिश्केकमध्ये मिळत नाही होय?”

“मिळतं की! पण अल्माटीत वीस हजार सोमनी स्वस्त. तो म्हणत होता, बाबा, इथलंच घेऊ, शुक्रवारी काम द्यायचंय. मीच म्हटलं, गप बस, पैसे काय झाडाला लागतात? दोन दिवसांत आणतो.”

“आज तर रविवार.”

“दुकानात माल यायलाच तीन दिवस लागले. वर ही रांग.”

“मग त्याचं काम?”

“गेलं दुसऱ्याकडे.”

“दुसरं मिळेल रे. पोरगा हुशार दिसतोय.”

“मामाबरोबर मॉस्कोला निघालाय तो. बांधकामावर.”

“अरे देवा! रागावला असेल.”

“रागावला असता तर बरं होतं, एझे. आत्ताच फोन आला होता. नीट बोलला. जेवलात का विचारलं. मग म्हणाला, बाबा, ते वीस हजार वाचलेत ना, ते तिकिटाला द्याल?”

रांग पुढे सरकली, पण तो माणूस जागचा हलला नाही. म्हातारीने त्याला ‘चला’ म्हटलं नाही, आयजार्किननेही नाही.