आपांच्या ताटातली नाचणीची भाकरी

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मोठ्या बाई म्हणाल्या, "सुनंदावहिनी, पालकांच्या वतीने तुम्ही बोला." मी हो म्हटलं. पण आपांच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून मला बोलता येणार नाही. म्हणून पोरींनो, तुमच्याकडे बघून बोलते.

माझी अस्मिता याच वसतिगृहात राहून शिकली. आठवीत असताना प्रार्थनेला उभी होती, तिथेच चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त कमी आहे. आमचे हे मुंबईला. मी एकटीच आले, खेडला एसटी बदलून. येतानाच ठरवलं होतं, पोरीला घरी न्यायची. शाळा पुरे झाली.

मुमताज आपा तेव्हा अधीक्षिका म्हणून नव्याच होत्या. म्हणाल्या, "न्यायचं तर न्या, वहिनी. पण आधी जेवा."

आम्ही पंगतीत बसलो. वरणभात, कोबीची भाजी, चपाती. अस्मिताने भाजी बाजूला सारली आणि नुसता भात चिवडत बसली. आपांनी विचारलं, "घरी काय खाते ही?"

मी म्हटलं, "नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी. पावसात टाकळ्याची भाजी तर मागून मागून खाते."

तशी अस्मिता कुजबुजली, "आई, हळू बोल ना!"

लाज वाटत होती हो तिला. पोरी चिडवायच्या, काळी भाकरी खाणारी म्हणून. मी बांधून दिलेली भाकरी तिने पेटीतून बाहेरच काढली नव्हती.

आपांनी तिची कुजबुज ऐकली आणि काय ते ओळखलं. रागावल्या? नाही. पोरींना भाषण दिलं? तेही नाही. मला म्हणाल्या, "वहिनी, आज राहा. मला भाकरी थापायला शिकवा. आमच्याकडे खाडीकाठी तांदळाची असते. नाचणीची माझ्या हातून मोडते."

आणि खरंच मोडली! तव्यावर टाकता टाकता दोन तुकडे. आम्ही दोघी पोट धरून हसलो. निघताना म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत पोर माझ्याकडे ठेवा. नाही सुधारली तर मीच घरी आणून सोडीन."

मी ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून आपा जेवणघरात मधोमध बसायला लागल्या. ताटात नाचणीची भाकरी, वर पिठी. कुणाला खा म्हणाल्या नाहीत. चवीने जेवायच्या, बस. मग एक दिवस एक पोर म्हणाली, "आपा, एक तुकडा द्या ना." अस्मिताला सगळ्यात जास्त चिडवणारी पोर ती! अस्मिताने फोनवर सांगितलं तेव्हा हसत होती. किती दिवसांनी हसली होती.

मग भाकरी सगळ्यांच्याच ताटात आली. संस्थेतले एक काका म्हणाले, "पालक नावं ठेवतील. गरिबाचं जेवण घालता म्हणतील." आपा म्हणाल्या, "काका, उद्या जेवायलाच या." काका आले. जेवले. आणखी एक भाकरी मागून घेतली. इथेच बसलेत, मान हलवतायत बघा.

डॉक्टरांच्या गोळ्या होत्याच, त्यांना विसरून चालणार नाही. पण दिवाळीला अस्मिता आली ती आमच्या गावची उभी घाटी न थांबता चढून आली. आज ती रत्नागिरीत नर्सिंग शिकते. मागे बसली आहे, रडते आहे.

शेवटच्या आजारात आपांनाच अन्न जाईना. मी भेटायला जायचे. पेज पुढे केली की हाताने सारायच्या. पण विचारायच्या, "आज पोरींना काय होतं? जेवल्या ना?" दर वेळी तेच. जेवल्या ना?

आणि पोरींनो, कालपासून इथे भांडी भरलेली तशीच परत जातायत. मला कळतं. माझ्याही घशाखाली घास उतरत नाही. पण आपांना आज मी काय सांगू?

चला, उभ्या राहा. आपांसाठी घटकाभर गप्प राहू. ज्याने त्याने आपल्या देवाचं नाव घ्यावं. मग जेवणघरात या. वाढायला मी आहे.

आपा, सलाम.